एवढासाच तर बदल!

१. काम तीन मिनिटांचं, मुदत तीन आठवड्यांची

संगणक कंपनीला काम देणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न कधी ना कधी विचारलेला असतो. रुग्णालयाचा व्यवस्थापक असो, पतसंस्थेचा सचिव असो की साखर कारखान्याचा लेखापाल, तक्रार एकच. "फॉर्मवर एक रकाना वाढवायचाय. एवढासाच तर बदल. त्याला तीन आठवडे?" समोरचा प्रोग्रामर "इम्पॅक्ट बघावा लागेल" असं काहीतरी पुटपुटतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हा बिल वाढवतोय.

कधी कधी तो खरंच बिल वाढवत असतो. पण बहुतेक वेळा तो जे सांगतोय ते खरं असतं, फक्त त्याला ते नीट सांगता येत नाही. ते समजून घ्यायला अलीकडचंच एक उदाहरण पुरे आहे.

३ सप्टेंबर २०२५ च्या रात्री जीएसटी परिषदेच्या ५६ व्या बैठकीतले निर्णय जाहीर झाले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे मोडीत निघाले आणि बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत बसवल्या गेल्या. टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल १८ वरून ५ वर आलं. तूप आणि लोणी १२ वरून ५ वर. नवे दर २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून लागू होणार होते. देशभरातल्या दुकानांच्या बिलिंग सॉफ्टवेअरला मिळाले १९ दिवस.

समजा, ठाण्यातल्या एका दुकानाच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक वस्तूपुढे कराचा एकच आकडा साठवलेला आहे. टूथपेस्टपुढे १८. दुकानदाराचा भाचा २१ तारखेच्या रात्री तो खोडून ५ करतो. काम खरोखरच तीन मिनिटांचं. करापूर्वी १०० रुपये किमतीची पेस्ट दुसऱ्या दिवसापासून ११८ ऐवजी १०५ ला जाते. गिऱ्हाईक खूश, मामाही खूश.

२५ तारखेला एक बाई २० तारखेला घेतलेली पेस्ट परत करायला येतात. त्यांनी ११८ रुपये मोजलेत, पण प्रोग्राम परतावा काढतो १०५ चा. त्याच्या लेखी टूथपेस्टवरचा कर ५ टक्के आहे आणि तो आधीही ५ टक्केच होता! परताव्याची क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दरानेच निघायला हवी, हे त्याला ठाऊकच नाही. गेल्या दिवाळीचं बिल पुन्हा छापलं तर त्यावरही ५ टक्के. महिना संपल्यावर खरी पंचाईत होते. सप्टेंबरच्या विवरणपत्रात एकाच वस्तूची विक्री दोन दरांनी दाखवायची असते, आणि प्रोग्राम मात्र अख्ख्या महिन्याच्या विक्रीला ५ टक्के लावून मोकळा होतो. गल्ल्यात कर जास्त, कागदावर कमी. त्यात सीजीएसटी कायद्याचं कलम १४ आहेच: माल कधी पुरवला, बिल कधी केलं आणि पैसे कधी मिळाले, या तीन तारखांपैकी कोणत्या बदलाच्या आधीच्या आणि कोणत्या नंतरच्या, यावर कोणता दर लागायचा ते ठरतं.

म्हणजे काम एक आकडा बदलण्याचं नव्हतंच. प्रत्येक दरापुढे 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' अशा दोन तारखा हव्या होत्या, आणि प्रत्येक बिलाने त्या दिवशीचा दर स्वतःजवळ जपून ठेवायला हवा होता. भाच्याने बदल अचूक केला. तो बदल आणखी कुठेकुठे पोचणार आहे ते मात्र त्याने शोधलं नाही. प्रोग्रामर ज्याला 'इम्पॅक्ट' म्हणतात तो हाच शोध, आणि तीन आठवड्यांतला मोठा वाटा त्यातच जातो.

डेव्हिड पार्नास या संगणकशास्त्रज्ञाने १९७२ मध्येच एका निबंधात यावरचा तोडगा सांगून ठेवला होता. प्रोग्रामचे भाग पाडताना कामाच्या क्रमाने पाडू नका. जी गोष्ट पुढे बदलण्याची शक्यता आहे ती एकेका भागात कोंडून ठेवा, म्हणजे ती बदलली तरी बाकीच्यांना त्याची खबर लागणार नाही. भारतात कराचा दर बदलणार हे ओळखायला ज्योतिष लागत नाही. ज्यांनी दर तारखेसकट एका जागी ठेवले होते, त्यांचं सप्टेंबरातलं काम मुख्यतः नवी यादी भरण्याचं आणि तपासण्याचं होतं.

२. सॉफ्टवेअर पूर्ण कधी होतं?

पुढचा प्रश्न साहजिक आहे. पहिल्यांदाच सगळं नीट विचारून का बांधत नाहीत? पूल बांधला की झाला, मग हे का होत नाही?

मेयर लेमन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस आयबीएममध्ये असताना याचा अभ्यास सुरू केला. लास्लो बेलाडी या सहकाऱ्याबरोबर त्यांनी ओएस/३६० या महाकाय सॉफ्टवेअरच्या एकामागून एक आलेल्या आवृत्त्यांची आकडेवारी तपासली आणि १९७४ पासून आपले 'नियम' मांडायला सुरुवात केली. पहिल्या नियमाचा सारांश असा: जे सॉफ्टवेअर माणसांच्या व्यवहारात रुजलेलं आहे ते सतत बदलत राहावं लागतं, नाहीतर ते दिवसेंदिवस कमी उपयोगी ठरतं. दुसरा नियम: बदलत गेलं की त्याची गुंतागुंत वाढत जाते, ती कमी करायला वेगळे कष्ट घ्यावे लागतात. वर्गमूळ काढणारा प्रोग्राम एकदा बरोबर झाला की झाला, कारण वर्गमूळ बदलत नाही. पगारपत्रकाचा प्रोग्राम मात्र कायदा, बँक, संघटना आणि साहेब या सगळ्यांच्या मर्जीवर जगतो.

बर्टन स्वॉन्सन यांनी १९७६ मध्ये बदलांचे तीन प्रकार पाडले, ते आजही वापरात आहेत. चूक दुरुस्त करणं हा पहिला. भोवतालचं काही बदललं म्हणून जुळवून घेणं हा दुसरा; जीएसटीचं उदाहरण यातलंच. आणि आहे ते अधिक चांगलं करणं हा तिसरा. बाहेरच्या माणसाला वाटतं की बदल म्हणजे पहिलाच प्रकार, कुणीतरी केलेली चूक निस्तरण्याचा. म्हणून बदलाचे पैसे मागितले की तो चिडतो.

पहिला प्रकारही सरळ नसतो. ओएस/३६० च्या बांधणीचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात लिहिलं आहे की एक दोष दुरुस्त करताना दुसरा घुसण्याची शक्यता २० ते ५० टक्के असते. आकडा त्या काळचा आहे. पण त्यामागचं कारण जुनं झालेलं नाही: दुरुस्ती करणाऱ्याला आपण हात घातलेली जागा दिसते, तिच्यावर विसंबून असलेल्या बाकीच्या जागा दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक बदलानंतर, ज्याला हात लावलेला नाही तेही पूर्वीसारखंच चालतंय ना, हे तपासावं लागतं. याला रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात. एक रकाना वाढवल्यावर जुन्या चारशे चाचण्या पुन्हा चालवायच्या, असा त्याचा व्यवहारातला अर्थ.

३. सात-बारा आणि फेरफार

बदल होणारच, तर निदान ते कुणी, केव्हा आणि का केले हे कळायला हवं. यासाठी जे साधन असतं त्याला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. महाराष्ट्रातल्या ज्याच्या नावावर गुंठाभर तरी जमीन आहे त्याला हे चटकन कळेल.

सात-बारा उताऱ्यावर जमिनीची आजची स्थिती दिसते. मालक कोण, बोजा कुणाचा. ही स्थिती कशी आली ते पाहायचं तर फेरफार नोंदवही काढावी लागते, म्हणजे गाव नमुना ६. वारसनोंद, खरेदीखत, सोसायटीचं कर्ज, प्रत्येक बदलाला तिथे क्रमांक असतो आणि तोच क्रमांक सात-बारावर उमटतो. तलाठ्याने नोंद धरली म्हणजे ती लगेच पक्की होत नाही. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. नोंद करणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा.

सॉफ्टवेअरमध्येही हीच रीत आहे. आजचा प्रोग्राम हा सात-बारा. त्यामागचा प्रत्येक बदल क्रमांकासह नोंदलेला असतो, करणाऱ्याचं नाव, वेळ आणि कारण यांच्यासकट. आणि शिस्तीच्या चमूत तो बदल मूळ प्रोग्राममध्ये मिसळण्यापूर्वी दुसरा प्रोग्रामर ओळ न् ओळ वाचतो. याला कोड रिव्ह्यू म्हणतात. महसूल खात्यापेक्षा एक सोय मात्र इथे अधिक आहे. नको असलेला फेरफार नेमका तेवढाच उलटवता येतो.

ही साधनं हळूहळू घडत गेली. १९७२ मध्ये बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस नावाची प्रणाली लिहिली, ती सुरुवातीच्यांपैकी एक. आज जगभर चालतं ते गिट. लिनक्सच्या कामात वापरात असलेल्या बिटकीपर या साधनाची फुकट सोय बंद झाली, तेव्हा लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये ते लिहायला घेतलं आणि काही दिवसांत गिटचा स्वतःचा प्रोग्राम गिटमध्येच साठवला जाऊ लागला. ज्यांच्याकडे असं काही नसतं, त्यांच्या संगणकावर 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल हाच' अशा तीन फायली सापडतात. त्यातली चालू कोणती हे सांगणारा माणूस हमखास रजेवर असतो.

४. होकार कुणी द्यायचा?

नोंद ठेवली, तरी कोणता बदल करायचा आणि कोणता नाही हे कुणीतरी ठरवायला हवं. हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीत ग्राहकाने नवी मागणी केली की 'सीआर आला' म्हणतात. सीआर म्हणजे चेंज रिक्वेस्ट. ती लिहून घ्यायची, तिचा परिणाम, खर्च आणि वेळ मांडायचा, आणि ग्राहक व बांधणारे यांच्या बैठकीत हो किंवा नाही ठरवायचं. वाचायला रुक्ष वाटतं. पण याची दोन टोकं पाहिली की त्यातलं नाट्य कळतं.

एक टोक अमेरिकेच्या अवकाशयानाचं. स्पेस शटल चालवणारं सॉफ्टवेअर सुमारे ४ लाख २० हजार ओळींचं होतं. १९९० च्या दशकात त्यात जीपीएसच्या मदतीने दिशा ठरवण्याची सोय घालायची होती. बदल फक्त दीड टक्का, म्हणजे ६,३६६ ओळींचा. पण एक ओळ लिहिण्याआधी त्या बदलाचं जे वर्णन कागदावर उतरलं ते २,५०० पानांचं होतं. याचं फळही तसंच मिळालं: त्या सुमारास शेवटच्या तीन आवृत्त्यांत प्रत्येकी एकच दोष सापडला होता. अर्थात या एका प्रोग्रामसाठी २६० माणसं आणि वर्षाला साडेतीन कोटी डॉलर लागत. पतसंस्थेच्या सचिवाला हे परवडणारं नाही, आणि त्याने ते मागूही नये.

दुसरं टोक एफबीआयचं. या तपास यंत्रणेने २००१ मध्ये कागदी प्रकरणं संगणकावर आणायला 'व्हर्च्युअल केस फाइल' नावाचा प्रकल्प सुरू केला. मागण्यांचा दस्तऐवज आठशे पानांवर गेला आणि काम सुरू झाल्यावरही मागण्या बदलतच राहिल्या. डिसेंबर २००३ मध्ये सॉफ्टवेअर हातात आलं, तेव्हा एफबीआयने दोषांची यादी काढली आणि ती वाढत वाढत ५९ वर गेली. कंत्राटदार कंपनी म्हणाली, हे दोष नाहीत, तुम्ही मागण्या बदलल्यात. प्रकरण लवादाकडे गेलं. निवाडा असा: ५९ पैकी ४० चुका कंपनीच्या, १९ म्हणजे एफबीआयने स्वतः केलेले बदल. दोघंही थोडे थोडे खरे निघाले, आणि म्हणूनच प्रकल्प वाचला नाही. २००५ मध्ये १७ कोटी डॉलर खर्चून तो सोडून देण्यात आला.

हा तंटा तंत्रज्ञानाचा नव्हता. काय ठरलं होतं आणि त्यात कधी, कुणाच्या संमतीने काय बदललं, यावर दोन्ही बाजूंचं एकमत होईल असं काही हाती नव्हतं. पुढे याच कामासाठी 'सेंटिनेल' प्रकल्प आला. तोही अडखळला, तेव्हा २०१० मध्ये एफबीआयने तो स्वतःकडे घेतला आणि दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं चालतं सॉफ्टवेअर दाखवायची पद्धत धरली. २०१२ मध्ये तो सुरू झाला. ही छोट्या टप्प्यांची पद्धत म्हणजे 'अजाइल'. २००१ च्या फेब्रुवारीत युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे जमलेल्या १७ जणांनी तिला जाहीरनाम्याचं रूप दिलं होतं. आपल्याकडे तिचा अर्थ पुष्कळदा 'रोज सकाळी उभ्याने बैठक' एवढाच उरतो, तो भाग वेगळा.

५. आठवा सर्व्हर

आतापर्यंतचं सगळं जमलं असं धरू. बदल विचारपूर्वक ठरला, नीट लिहिला, तपासला. तो प्रत्यक्ष चालत्या यंत्रांवर नेऊन ठेवणं, म्हणजे डिप्लॉय करणं, हे काम त्यानंतर उरतं. हे शिपाईकाम समजलं जातं. ते किती महाग पडू शकतं याचं उदाहरण न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात आहे.

नाइट कॅपिटल ही अमेरिकी शेअर्सच्या व्यवहारातली तेव्हाची फार मोठी दलाल कंपनी. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजची एक नवी योजना १ ऑगस्ट २०१२ पासून सुरू होणार होती, त्यासाठी कंपनीने आपल्या ऑर्डर पाठवणाऱ्या प्रोग्राममध्ये नवा कोड घातला. हा प्रोग्राम आठ सर्व्हरवर चालत असे. २७ जुलैपासून एका तंत्रज्ञाने नवा कोड टप्प्याटप्प्याने त्यांवर चढवला. सातांवर चढवला, आठवा राहून गेला. दुसऱ्या कुणी ते काम तपासून पाहिलं नाही, आणि पाहावं असा लेखी नियमही कंपनीत नव्हता.

एवढ्यावर निभावलं असतं. पण नवा कोड चालू करण्यासाठी एक जुनाच संकेत, म्हणजे फ्लॅग, पुन्हा वापरला होता. हा फ्लॅग पूर्वी 'पॉवर पेग' नावाच्या सोयीचा. कंपनीने ती सोय २००३ मध्येच वापरायची थांबवली होती, पण तिचा कोड काढून टाकला नव्हता. तो नऊ वर्षं तसाच पडून होता. त्यात आणखी एक गोष्ट झाली होती. पॉवर पेग एक मोठी ऑर्डर लहान लहान तुकड्यांत बाजारात पाठवायचा, आणि ठरलेले शेअर मिळाले की थांबायचा. किती मिळाले ते मोजणारा भाग २००५ मध्ये प्रोग्रामात दुसरीकडे हलवला गेला. त्यानंतर पॉवर पेग चालतो का, हे कुणी पाहिलं नाही. बंद पडलेल्या सोयीची चाचणी कोण करतो?

१ ऑगस्टला सकाळी साडेनऊला बाजार उघडला. सात सर्व्हरांनी त्या फ्लॅगचा नवा अर्थ लावला, आठव्याने जुना. त्याच्यावर पॉवर पेग जागा झाला आणि ऑर्डर पाठवू लागला. मोजणारा भाग जागेवर नसल्यामुळे थांबायचं कधी हे त्याला कळेना. किरकोळ गुंतवणूकदारांच्या २१२ ऑर्डरींपोटी त्याने लक्षावधी ऑर्डरी बाजारात ओतल्या. पाऊण तासात १५४ कंपन्यांच्या ३९.७ कोटी शेअर्सचे ४० लाखांवर व्यवहार झाले.

खरा धडा त्या पाऊण तासातच आहे. तंत्रज्ञांना काहीतरी बिनसल्याचं दिसत होतं, पण काय ते कळत नव्हतं. नवा कोड आजच सुरू झालाय, तेव्हा गडबड त्याचीच, असा तर्क करून त्यांनी तो बरोबर चढवलेल्या सात सर्व्हरांवरून काढून टाकला. आता त्यांवरही जुना कोड आला, फ्लॅग मात्र चालूच होता. एका सर्व्हरची आग आठांवर पसरली. बदल मागे घेणं, म्हणजे रोलबॅक, हा एरवीचा रामबाण उपाय. पण आपण कोणत्या स्थितीतून कोणत्या स्थितीत चाललोय हे ठाऊक नसेल तर तोही घात करतो.

नुकसान ४६ कोटी डॉलरहून अधिक झालं. पुढच्या वर्षी कंपनी एका प्रतिस्पर्ध्यात विलीन झाली. अमेरिकेच्या बाजार नियामकाने ऑक्टोबर २०१३ मध्ये १ कोटी २० लाख डॉलरचा दंड केला, आणि त्याच्या आदेशात एक नोंद आहे. त्या दिवशी बाजार उघडण्याआधी, सकाळी ८:०१ पासून, कंपनीच्या यंत्रणेने 'पॉवर पेग बंद आहे' अशा अर्थाचे ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना धाडले होते. ते इशारे म्हणून पाठवलेले नव्हते, त्यामुळे कुणी त्यांची दखल घेतली नाही.

६. न बदललेलं सॉफ्टवेअर

पॉवर पेगची गोष्ट वाचून वाटेल, की नको ते बदल. चालतंय तसं चालू द्यावं. अरियान-५ ने हा भ्रमही मोडला.

४ जून १९९६. फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून युरोपचं नवं रॉकेट पहिल्यांदाच उडालं आणि चाळीस सेकंदांच्या आत दिशा सोडून फुटलं. त्याबरोबर 'क्लस्टर' मोहिमेचे चार उपग्रहही गेले. झाक-लुई लियाँस यांच्या चौकशी समितीला कारण सापडलं ते रॉकेटची दिशा मोजणाऱ्या उपकरणात. त्याचं सॉफ्टवेअर आधीच्या अरियान-४ रॉकेटमधून जसंच्या तसं उचललेलं होतं. त्यातला एक हिशेब ६४ बिटांची संख्या १६ बिटांत कोंबत असे, आणि १६ बिटांत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. अरियान-४ च्या मार्गावर ती तेवढी मोठी व्हायचीच नाही. अरियान-५ चा मार्ग वेगळा, आडवा वेग कितीतरी जास्त. संख्या मावेना, उपकरण बंद पडलं. पर्यायी उपकरण तयार होतं, पण त्यातही तेच सॉफ्टवेअर. तेही त्याच कारणाने आधीच बंद पडलं होतं.

आणि हा हिशेब उड्डाणानंतर लागतच नव्हता. उलटगणती ऐनवेळी थांबली तर पुन्हा लवकर सुरू करता यावी म्हणून अरियान-४ मध्ये तो उड्डाणानंतरही सुमारे चाळीस सेकंद चालू ठेवायचे. अरियान-५ ला ती गरजच नव्हती. चाललंय ते चालू दे म्हणून ठेवला. न्यूयॉर्कचा पॉवर पेग आणि कुरूचा हा हिशेब, दोन्ही गरज संपल्यावर मागे राहिलेले. बदल करताना काय घालायचं यावर जेवढा खल होतो, त्याच्या दशांशही काय काढायचं यावर होत नाही. काढून टाकण्याची चेंज रिक्वेस्ट कुणी ग्राहक देत नसतो, आणि तिचं बिलही लावता येत नाही.

७. आधी थोड्यांना, मग सगळ्यांना

कितीही तपासा, काही दोष लाखो यंत्रांवर गेल्यावरच दिसतात. मग शहाणपण यात की बदल आधी शंभरातल्या एकाला द्यावा, तासभर वाट पाहावी, मग दहांना, मग सगळ्यांना. मोबाइलवरचं एखादं ॲप शेजाऱ्याकडे नव्या रूपात दिसतं आणि आपल्याकडे जुन्या, ते याचमुळे.

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेनुसार सकाळी ९:३९ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने विंडोज संगणकांसाठी एक अपडेट जगभर एकदमच सोडलं. नव्या हल्ल्यांची ओळख पटवणारी ही माहितीची छोटी फाइल. असल्या फायली कंपनी वारंवार पाठवत असे. कंपनीचा प्रोग्राम टप्प्याटप्प्याने जाई, ही माहिती मात्र सरसकट. कारण ती 'कोड' समजली जात नव्हती. घोळ असा, की संगणकावरच्या प्रोग्रामला २० रकान्यांची माहिती मिळत होती आणि नव्या फाइलीने त्याला एकविसावा रकाना वाचायला लावला. चाचण्यांमध्ये त्या एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' असं लिहिलेलं असायचं, म्हणून तो कधी वाचलाच गेला नव्हता. प्रोग्राम विंडोजच्या गाभ्यात बसलेला असल्याने त्याच्याबरोबर अख्खा संगणक कोसळे.

१०:५७ ला कंपनीने अपडेट मागे घेतलं. म्हणजे ७८ मिनिटं. पण निळ्या पडद्यावर अडकलेल्या संगणकाला दुरुस्तीचं अपडेट तरी कसं मिळणार? मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक बंद पडले, जगातल्या विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी. पण ते होते विमानतळांवर, रुग्णालयांत, बँकांत. मुंबईसह देशातल्या विमानतळांवर रांगा लागल्या आणि प्रवाशांच्या हातात हाताने लिहिलेले बोर्डिंग पास आले. तंत्रज्ञांना पुष्कळ यंत्रांपाशी स्वतः जाऊन ती फाइल पुसावी लागली. त्यानंतर कंपनीने या फायलीही टप्प्यांनी पाठवायला सुरुवात केली.

बदल लहान की मोठा हे ओळींवरून ठरवण्याची सवय इथे नडते. किती लोकांपर्यंत एका वेळी पोचतो आणि बिघडल्यास परत फिरायला किती वेळ लागतो, हे दोन प्रश्न विचारले असते तर ती छोटी फाइल त्या दिवशीचा फार मोठा बदल ठरली असती.

८. परतीची वाट नसेल तेव्हा

काही बदल टप्प्यांनी करणं अवघड जातं. एका बँकेची सगळी खाती जुन्या संगणकप्रणालीतून नव्या प्रणालीत हलवायची असतात, तेव्हा सोमवारपासून लोक नव्या प्रणालीत व्यवहार करू लागले की जुन्या प्रणालीकडे परतणं जवळजवळ अशक्य.

ब्रिटनची टीएसबी बँक २०१५ मध्ये स्पेनच्या साबाडेल समूहाने विकत घेतली. त्यानंतरही ती आपल्या पूर्वीच्या मालकाची, लॉइड्सची, संगणकप्रणाली भाड्याने वापरत होती. एप्रिल २०१८ मधल्या एका शनिवार-रविवारी तिने सुमारे ५२ लाख ग्राहकांचा तपशील नव्या प्रणालीत हलवला. तपशील सुखरूप पोचला. पण प्रणाली लोकांचा भार सोसेना. जवळजवळ १९ लाख ग्राहकांना आपलं खातं उघडता येईना. काहींना तर दुसऱ्याच्या खात्याचा तपशील दिसला. कामकाज पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. मधल्या काळात बँकेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने पद सोडलं होतं.

बँकेनेच नेमलेल्या विधिसंस्थेच्या अहवालात दोन गोष्टी ठळक आहेत. एक, टप्पे न पाडता एकाच वेळी सगळं हलवण्याच्या निर्णयाची पुरेशी उलटतपासणी झाली नाही. दुसरी, नवी प्रणाली दोन डेटा सेंटरांवर मिळून चालणार होती आणि भाराची चाचणी त्यातल्या एकावरच घेतली गेली. दोन्हींची मांडणी तंतोतंत सारखी नव्हती, हे नंतर उघड झालं.

ब्रिटनच्या नियामकांनी डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. पुढच्या एप्रिलमध्ये आणखी एक दंड झाला, या वेळी माणसाला. बँकेच्या तेव्हाच्या मुख्य माहिती अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून ८१,६२० पौंड भरावे लागले. प्रणाली चालवणारी साबाडेलची उपकंपनी खरोखर तयार आहे का, याची त्याने पुरेशी खात्री करून घेतली नाही, असा ठपका होता. त्या कंपनीने तयारीची लेखी हमी दिली होती. पण त्या पत्रात काय झालं आहे यापेक्षा पुढे काय होईल याचीच आश्वासनं होती, आणि ती तशीच स्वीकारली गेली होती.